निघालेल्यांचा स्वयंपाकी

मी आयुष्यात एकदा हॉटेलमालक होता होता राहिलो. आमच्या घरात ही गोष्ट माझ्या फजितीची म्हणून प्रसिद्ध आहे आणि ती सांगण्याचा हक्क बायकोने स्वतःकडे ठेवला आहे. पाहुणे आले, चहा झाला, की ती सुरू करते. मुलांना इतकी पाठ आहे, की आईचं एखादं वाक्य सुटलं तर ती मधेच पुरवतात. पण तिच्या गोष्टीत सगळीकडे मीच असतो आणि आबा नुसते बाजूला उभे असतात. खरं पाहता त्या प्रकरणात बाजूला उभा होतो तो मी. म्हणून एकदा माझ्या पद्धतीने लिहून काढतो.

आबा आमच्या नात्यातले नव्हेत; ते लोणावळ्याच्या रनिंग रूमचे स्वयंपाकी होते. रेल्वेत नसलेल्यांसाठी सांगतो. ड्रायव्हर आणि गार्ड दोन गाड्यांच्या मधल्या वेळात जिथे जेवतात, झोपतात, ती रनिंग रूम. घाट चढून आलेला माणूस तिथे अंग टाकतो आणि घाट उतरायला निघालेला तिथून उठून जातो. जेवणाची तिथली रीत अशी, की शिधा ज्याचा त्याने आणायचा. तांदूळ, डाळ, दोन कांदे, असेल ते फडक्यात बांधून स्वयंपाक्याच्या हवाली करायचं. तो शिजवून देणार. एका वेळी नऊ-दहा जणांचे शिधे यायचे आणि आबा नऊ-दहा छोट्या पातेल्यांत ते वेगवेगळे शिजवायचे. पातेल्याला खूण नाही, चिठ्ठी नाही. आबांना लिहितावाचता येत नव्हतं. पण शिंद्यांच्या डाळीचा दाणा डिसोजाच्या डाळीत गेला, असं कधी झालं नाही. उरलेला अर्धा कांदासुद्धा ज्याच्या त्याच्या फडक्यात परत बांधलेला असे.

पहिल्यांदा मी तिथे गेलो तेव्हा आत कुणाला तरी दटावणं चाललं होतं.

“काय डिसोजा, उतू चालला व्हय? जरा दम धर की.”

मी दारातच थांबलो. भांडण चालू असताना आत जाऊ नये, एवढी अक्कल मला होती.

“आन शिंदे, तुजं पानी आटलं. गप बसतोस आन बुडाला लागतोस. लय वाईट खोड तुजी.”

आत डोकावून पाहिलं तर चुलीपुढे एकटे आबा. शिंदे आणि डिसोजा पलीकडच्या खोलीत घोरत होते. आबा बोलत होते ते पातेल्यांशी.

मी तेव्हा लोणावळा स्टेशनवर बुकिंग क्लार्क होतो. वय सत्तावीस, लग्नाला दीड वर्ष, आणि आपण या खिडकीमागे बसण्यासाठी जन्मलेलो नाही अशी ठाम समजूत. कशासाठी जन्मलो होतो ते मात्र ठरलेलं नव्हतं. दुपारी खिडकी बंद झाली की मी आबांच्या चुलीशी जाऊन बसायचो. ते मला ‘मास्तर’ म्हणत. मी त्यांच्या हातचं कधी काही खाल्लं नव्हतं, कारण मी रनिंगचा माणूस नव्हे. माझं जेवण घरी. आबांच्या लेखी हा नियम रुळांइतकाच पक्का होता. एकदा वास असह्य होऊन मी म्हणालो, “आबा, एक चमचाभर द्या की चवीला.”

“कुनाच्यातलं देऊ, मास्तर?” त्यांनी खरोखरच विचारलं.

स्वतः तेही चव घेत नसत. स्वयंपाक करणारा माणूस आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटतो, हे आपण सगळ्यांनी घरोघरी पाहिलेलं असतं. आबांनी उभ्या जन्मात ते केलं नाही. “दुसऱ्याच्या पानातलं कसं खायाचं?” असा त्यांचा सवाल. वाफेवर नाक धरायचे, डोळे मिटायचे, झालं.

शिधा हातात घेताना ते दोनच गोष्टी विचारत. “चढ का उतार?” आणि “झोप झाली का?” घाट चढून आलेल्याला ते भात वाढत, पातळ डाळ, असेल तर वर ताक; म्हणजे तो पडल्या पडल्या झोपेल. उतरायला निघालेल्याला भाकरी, लसणीचा ठेचा, आणि तेही पोटाला तड लागणार नाही एवढंच. मालगाडी घेऊन घाट उतरायचा म्हणजे मागे शेकडो टन ढकलत असतात आणि सगळी मदार ब्रेकवर आणि ते धरणाऱ्या माणसावर. जेवून सुस्तावलेला माणूस आबांना त्या जागी नको असे. एकदा एका गलेलठ्ठ गार्डाने स्वतःच्याच तांदळाचा भात मागितला. आबा म्हणाले, “त्यो उद्या चढून या मंग खावा. तुमचाच हाय, कुटं जात न्हाई.” गार्ड चिडला, वर तक्रार करीन म्हणाला, आणि भाकरी खाऊन गेला.

आणि ती मिठाची गोष्ट. ती मी डोळ्यांनी पाहिली, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता.

उतरायला निघालेल्या माणसाला आबा पहिली वाटी अळणी द्यायचे. मुद्दाम. माणूस पहिल्या घासालाच ओरडे, “आबा, मीठ विसरलात!” आबा “व्हय की, म्हातारा झालो,” म्हणत मीठ घालून देत. नव्या लोकांना वाटे, म्हातारा खरंच विसरतो. त्या दिवशी शिंदे जेवायला बसले. हसतखेळत होते, मला म्हणाले, “काय मास्तर, तिकिटं संपली का?” एक वाटी डाळ प्यायले. दुसरी मागितली. आबांनी तीही अळणीच दिली. तीही प्यायले.

आबा उठले, तसेच अनवाणी फोरमनच्या ऑफिसात गेले. मी मागोमाग.

“सायेब, शिंद्याला आज उताराला धाडू नगा.”

“का? प्यायलाय?”

“न्हाई.”

“मग?”

“डाळ ग्वाड लागली त्याला.”

फोरमन हसला. पण आबा उंबऱ्यातून हलेनात. शेवटी त्याने शिंद्यांना बोलावून कपाळाला हात लावला आणि हात झटकन मागे घेतला. डॉक्टरांनी तापमापक काढलं तर एकशे तीनच्या वर. शिंदे स्वतःच म्हणत होते, “अहो, मला काहीच वाटत नाही.” त्यांची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने नेली. आबा परत येऊन चुलीपाशी बसले आणि शिंद्यांचा उरलेला शिधा फडक्यात बांधायला लागले.  देवळात जातो तेव्हा माझं लक्ष चपलांकडे असतं; त्या दिवशी मात्र आपण कशापुढे तरी बसलो आहोत, असं मला वाटलं.

असा माणूस चार महिन्यांनी निवृत्त होणार होता. रेल्वेची खोली सोडावी लागणार होती. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. जवळच भाजे गावात धाकट्या भावाचं घर होतं, जमीन होती, आणि भाऊ सज्जन होता. हीच पंचाईत होती.

“भावजय लय चांगली हाय,” आबा म्हणाले. “चुलीफुडं फिरकू द्याची न्हाई. म्हनंल, आबा, तुमी जल्मभर रांधलं, आता बसा. मास्तर, मी बसून काय करू? मला दुसरं काय येत न्हाई. मी कुनासाठी उठायाचं सकाळी?”

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. गाडी किती वाजता आहे, असं विचारावं तसं विचारलं. उत्तर मला आठच दिवसांनी वाचनालयाच्या फळ्यावरच्या एका जाहिरातीत सापडलं.

गावाबाहेर वलवणकडे मुंबईच्या एका शेठचा बंगला होता आणि रस्त्याला लागून त्याचा पेट्रोल पंप. शेठ नुकताच अमेरिका पाहून आला होता. तिथे लोक गाडीत बसल्या बसल्या लांब पावात सॉसेज घालून खातात, त्याला हॉट डॉग म्हणतात, आणि असं दुकान पंपाशेजारी काढलं तर मुंबई-पुणे करणारे मोटारवाले तुटून पडतील, असं त्याच्या मनाने घेतलं. दुकान बांधून तयार होतं. चालवायला कुणाला द्यायचं, ते ठरवायला त्याने बंगल्याच्या बागेत स्पर्धा जाहीर केली: भावी हॉट डॉग हॉटेलमालकांसाठी. जो जिंकेल त्याला दुकान.

त्या पदार्थाच्या नावावरून जे विनोद होण्यासारखे आहेत ते आमच्या घरात आठ दिवसांत होऊन संपले, ते इथे देत नाही.

मी हॉट डॉग खाल्ला नव्हता, पाहिला नव्हता. वेटिंग रूममध्ये कुणीतरी विसरलेल्या इंग्रजी मासिकात त्याचं रंगीत चित्र होतं, ते मी फाडून आणलं. आबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले.

“पाव हाय. मधी काय हाय?”

“मटणाचा लांबट मुटका समजा.”

“खानारा कोन?”

“मोटारवाले. घाट चढून आलेले, उतरायला निघालेले.”

आबांनी वर पाहिलं. “मंग जमंल,” म्हणाले. त्यांच्या तोंडावर त्या महिन्यात मी पहिल्यांदा हुशारी पाहिली.

ठरलं असं, की रांधायचं आबांनी आणि गल्ल्यावर बसायचं मी. गल्ल्यावर बसण्याचा सराव मी घरी सुरू केला. पाटीही रंगवून घेतली. ती पुढे बरीच वर्षं आमच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून होती. अक्षरं आतल्या बाजूला, हे बायकोचं सौजन्य. सॉसेजेस आणायला मी पुण्याच्या कॅम्पात गेलो. दुकानदाराने बर्फ आणि भुसा घालून खोक्यात बांधून दिली. पॅसेंजरमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलो, आणि तळेगाव यायच्या आत बर्फ माझ्या नव्या पँटवरून वाहू लागला. समोरच्या बाई आपल्या मुलीला म्हणाल्या, “तिकडे बघू नको.” बायको गोष्ट सांगते तेव्हा इथे पाच मिनिटं लागतात. मी पुढे जातो.

स्पर्धेचा दिवस थंडीतला रविवार. बागेत पाच टेबलं, पाच शेगड्या; पाव, तूप, मिरची-लसूण, मीठ-मसाला शेठकडचं, टेबलावर मांडून ठेवलेलं. आमच्या शेजारी खंडाळ्याच्या एका बंगल्यातला खानसामा, पांढरी टोपी घालून, सुऱ्या ओळीने मांडून. परीक्षक तिघे: शेठ स्वतः, एक निवृत्त मेजर, आणि मुंबईच्या कुठल्याशा क्लबचे सेक्रेटरी. थोडं बाजूला, उन्हात, वेताच्या खुर्चीत शाल पांघरून शेठची म्हातारी आई बसली होती. ती परीक्षक नव्हती. नवरा गेल्यापासून तिचं अन्नावरून मन उडालं होतं, पेजेवर होती, असं माळी हळूच म्हणाला.

शेठने नियम सांगितले. “एक तास. प्रत्येकाने सहा नग करायचे. सहाही तंतोतंत एकसारखे हवेत. अमेरिकेत कुठेही खा, तोच आकार, तीच चव. हे ज्याला जमेल, दुकान त्याचं.” आणि शिट्टी फुंकली.

चारी टेबलांवर धूर निघाला. आमचे आबा हात बांधून उभे.

“आबा, सुरू करा.”

“ह्यो माल कुनाचा, मास्तर?”

“आपला! मी आणलाय की.”

“आपुन खानार हाय का?”

“नाही हो. परीक्षक खाणार.”

“मंग त्येंनी द्याचा.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पायाखालची हिरवळ सरकली. तीन महिने मी नावापासून पाटीपर्यंत सगळा विचार केला होता. पण तीस वर्षं दुसऱ्याचाच शिधा शिजवलेल्या या माणसाला, कुणाच्याच नसलेल्या मालाचं काय करायचं ते माहीत नसणार, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“आबा, अहो ही स्पर्धा आहे. इथे ती रीत नाही.”

“रीत न्हाई कशी? खानारं हाय, रांदनारं हाय.” त्यांनी खांद्यावरची धुतलेली फडकी काढली आणि सरळ परीक्षकांच्या टेबलाकडे चालू लागले. मी मागून, दोन हात पसरून, एखादी म्हैस वळवावी तसा.

आबांनी शेठपुढे फडकं पसरलं. “शिधा द्या, शेठ.”

“काय द्या?”

“तुमचा शिधा. आन हितनं फुडं कुटं जानार, त्ये सांगा.”

शेठ चक्रावला, पण माणूस हौशी होता. अमेरिकेहून आणलेल्या डब्यातली सॉसेजेस त्याने घरातून मागवली आणि फडक्यावर ठेवली. “संध्याकाळी मुंबईला. स्वतः गाडी चालवत.”

मेजर गडगडाटी हसला. लष्करात ही पद्धत असायला हवी होती म्हणाला, शेजारच्या आपल्या घरून अंडी आणि लोणी मागवून दिलं, आणि आपण इथून घरी जाऊन दुपारभर ताणून देणार असल्याचं जाहीर केलं. सेक्रेटरी मात्र लाल झाले. “हा काय भिकारपणा? मी परीक्षक आहे!”

“शिधा न्हाई का?” आबांनी विचारलं.

“नाही!”

“बरं,” म्हणून आबांनी त्यांच्यापुढचं फडकं घडी करून परत खांद्यावर टाकलं. रागाने नव्हे. सेक्रेटरी जेवणार नाहीत, एवढीच त्याची नोंद.

मग ते वेताच्या खुर्चीपाशी गेले आणि तिथेही फडकं पसरलं.

शेठ म्हणाला, “आबा, तिला नको. आई काही खात नाही.”

म्हातारी फडक्याकडे बघत होती. मग तिने मोलकरणीला खूण केली. मोलकरीण आतून ओंजळभर तांदूळ घेऊन आली. आंबेमोहोर होता, फडक्यावर पडताच वास आला. म्हातारीने तो स्वतःच्या बोटाने सारखा केला.

आबा परत आले तेव्हा अर्धा तास संपला होता. त्यांनी माझी सॉसेजेस पुन्हा खोक्यात घातली, दोरी बांधली आणि खोकं माझ्या हातात दिलं. “तुमचा शिधा. तुमी घरी खावा.” आणि मग ते कामाला लागले.

ते मी कसं सांगू? तीन लहान पातेली, एकाच शेगडीचे निखारे वाटून केलेले तीन विस्तव. त्या दिवशी आबा एकदाही घाई करताना दिसले नाहीत, आणि हात मात्र दिसत नव्हते. “शेठ, तुमी जरा कोरडं व्हा.” “मेजर, लोनी लय पितो बाबा तू.” पलीकडचा खानसामा आपली सुरी हातात धरून बघत राहिला. तिसऱ्या पातेल्याशी मात्र ते काही बोलले नाहीत. झाकण काढून नुसतं वाफेवर नाक धरत, आणि पुन्हा झाकत.

शिट्टी झाली. चार टेबलांवर सहा-सहा नग. आमच्याकडे तीन, आणि तिन्ही तीन तऱ्हांचे. शेठचा वीतभरही नाही, सॉसेज विस्तवावर कोरडं भाजलेलं, आत लाल ठेचा. मेजरचा दांडगा, अंड्यात घोळलेला, लोण्याने माखलेला. आणि म्हातारीसाठी पावाची कड काढून, आतला पांढरा भाग वाफेवर मऊ करून, त्यात मऊ भाताचा लांबट मुटका. तूप आणि जिरं. दात नसलेल्या माणसाला खाता येईल असा.

“एवढासाच?” शेठ म्हणाला.

“घाट उतराचाय तुमाला.”

शेठने खाल्ला. ठेच्याने त्याचे डोळे उघडले ते बराच वेळ तसेच राहिले. मेजरने खाऊन झाल्यावर डोळे पुसले. सेक्रेटरी रिकाम्या ताटापुढे बसून होते. पण थोड्या वेळाने कुणाचंच त्यांच्याकडे लक्ष राहिलं नाही, कारण सगळे खुर्चीकडे बघत होते. म्हातारी जेवत होती. एकेक घास, सावकाश. शेवटचा घास घेऊन तिने बोटं चाटली आणि ताट मोलकरणीकडे दिलं.

निकाल सांगायला शेठला वेळ लागला. “नियम मीच केलाय,” तो म्हणाला, आणि दुकान खानसाम्याला दिलं. त्याचे सहाही नग खरोखरच एका साच्यातून काढल्यासारखे होते. मग तो आबांपाशी आला. “आबा, दुकानाचं सोडा. तुम्ही बंगल्यावर या. आईचं जेवण करा. राहायला खोली देतो, मागाल तो पगार देतो.”

माझा जीव भांड्यात पडला. खोली, काम, रोज उठायला कारण. रनिंग रूमची खोली सोडायला बाराच दिवस उरले होते. मी आबांच्या कोपराला हळूच ढोसलं.

आबा म्हातारीपुढे उकिडवे बसले. “आईसायेब, तुमी कुटं निगालाय का?”

“मी?” ती हसली. “मी आता कुठे जाणार रे बाबा? इथेच.”

आबा सावकाश उठले. मग म्हणाले, “मंग मला रोजचं न्हाई जमायचं. खोटं कशाला बोलू? मला जानाऱ्याचंच रांदता येतं. बसल्या मानसाला काय लागतं, त्ये माज्या ध्यानात येत न्हाई. आज जमून गेलं.”

शेठ काही बोलणार होता, पण म्हातारीने हात वर केला. “बरोबर बोलतोय तो,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी आबांना काय काय बोललो ते लिहीत नाही. दीड मैल बोलत होतो. ते ऐकत होते. घर आल्यावर म्हणाले, “मास्तर, ती सासजं उद्यापातूर संपवा. वास मारतील.” बायकोने त्यांचा तिखट रस्सा केला. तीन दिवस पुरला.

बारा दिवसांनी आबांनी पातेली घासून, मोजून नव्या माणसाच्या ताब्यात दिली आणि गाठोडं घेऊन गेले. मी ड्यूटीवर होतो. निरोपही धड झाला नाही. भाज्याला जाऊन भेटून यावं असं रोज मनात येई आणि रोज मी ते टाळत असे. ओट्यावर बसलेले आबा मला बघायचे नव्हते.

महिन्याभराने शिंदे खिडकीशी आले. “मास्तर, आबांना भेटलात का?”

“भाज्याला जायला जमलं नाही हो.”

“भाज्याला? आबा घाटमाथ्यावर आहेत. लॉऱ्या पाण्याला थांबतात ना, त्या झऱ्यापाशी.”

मी रविवारी गेलो. खंडाळ्याच्या पुढे, जिथे रस्ता खाली झेपावतो त्याच्या थोडं अलीकडे, लॉऱ्या थांबलेल्या. चढून आलेल्यांची बॉनेटं उघडी, वाफ निघतेय. उतरायला निघालेले क्लीनर चाकांखाली वाकून बघताहेत. आणि झऱ्याच्या काठाला, करवंदीच्या जाळीच्या आडोशाला, दगडांच्या चार चुली. लॉरीवाले आपापला शिधा गाडीतच बाळगतात, हे मला कोण सांगणार? आजवर ते रस्त्याकडेला कच्चंपक्कं स्वतः शिजवून खात. आता आबा होते. ना छप्पर, ना पाटी, ना गल्ला. मी तीन महिने ज्या हॉटेलासाठी धडपडलो ते हे असं उघड्यावर चालू होतं, आणि त्यात माझी कुठेच गरज नव्हती.

“बसा मास्तर,” आबा म्हणाले. “सरदारजी, आटप लवकर, तुजं पीठ लय चिवट हाय.” हे परातीला.

मी अधूनमधून जाऊ लागलो. पुढच्या चैत्रात असाच बसलो होतो. शेठची काळी मोटार आली आणि लॉऱ्यांच्या मागे थांबली. शेठ उतरला. दाढी वाढलेली. मागच्या सीटवर उशा लावून त्याची आई बसली होती. निम्मी झाली होती. शेठ आबांपाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, “मुंबईला नेतोय. इस्पितळात. डॉक्टर वाट बघताहेत, पण ही ऐकत नाही. इथे थांबव म्हणाली.”

आबा मोटारीच्या खिडकीशी गेले. म्हातारीने हातरुमाल पुढे केला. त्यात तांदूळ होते.

“बघ,” ती म्हणाली, “आज निघालेय.”

आबांनी खांद्यावरचं फडकं दोन हातांवर पसरून ते घेतले. मग शेठकडे वळले. “गाडी कोन हाकनार?”

“मीच.”

“तुमचा शिधा?”

शेठने कोटाचे खिसे चाचपले. मोटारीत वाकून पाहिलं. औषधं होती, कागद होते, पाण्याची बाटली होती. इतक्या मोठ्या माणसाच्या गाडीत खाण्याचा एक दाणा नव्हता. “मला नको, आबा. मला भूक नाही.”

“हाकनाऱ्यानं खाल्ल्याबिगर गाडी उताराला न्हाई लावायाची.”

“इकडे आण,” म्हातारी म्हणाली. आबांनी फडकं पुन्हा तिच्या मांडीवर ठेवलं. तिने बोटाने तांदळात मधोमध रेघ ओढली. ती नीट मधोमध पडली नाही. मग तिने चिमटी-चिमटीने दाणे इकडून तिकडे सरकवले. मागच्या लॉरीवाल्याला घाई होती, पण त्याने भोंगा वाजवला नाही. शेवटी दोन ढीग झाले. एक मोठा, एक अगदी लहान.

“ह्यो मोटा कुनाचा?” आबांनी विचारलं.

“त्याचा. त्याला परत चढून यायचंय.”

आबांनी दोन पातेली चुलीवर चढवली.